गोरी कातडी, मे महिना आणि गुहागरची पुळण: मुलीचे खांदे भाजलेत, काय करू?

ओसरीवरची

नमस्कार. जरा घाईत लिहिते आहे, कोणाला माहिती असेल तर आजच सांगा.

आम्ही मुलांना घेऊन सुट्टीत गुहागरला माझ्या माहेरी आलो आहोत. मागच्या दारातून निघालं की वाडी, वाडी संपली की सुरूचं बन आणि पुढे सरळ पुळण, म्हणजे समुद्राची वाळू. त्यामुळे मुलं घरात टिकतच नाहीत. काल न्याहारी करून दहाच्या सुमारास गेली आणि जेवायला हाका मारल्या तेव्हा दीडला परत आली. तेव्हा गाल थोडे लाल होते, बाकी काही नाही. दिवेलागणीला माझी मुलगी (वय ९) कपडे बदलताना किंचाळलीच. खांदे, मान, कानांच्या पाळ्या, नाक आणि गुडघ्यांची मागची बाजू लालबुंद. पोहायच्या कपड्याचा पट्टा होता तिथे मात्र पांढरी स्वच्छ रेघ, पट्टी ठेवून आखल्यासारखी. रात्री अंगावर चादरसुद्धा सहन होत नव्हती. ताप नाही, फोड नाहीत, पाणी पिते आहे.

आमच्या घरात सगळे गोरे, घारे. उन्हात आम्ही काळे कमी पडतो, लाल जास्त होतो. तिच्याबरोबर खेळणारी शेजारची मुलं वर्षभर इथेच असतात, त्यांना काहीही झालेलं नाही.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. आई म्हणते साय चोळ, काका म्हणतात भाजल्यावरचं पिवळं मलम लाव, वहिनी म्हणते लिंबू फिरव म्हणजे काळं राहणार नाही. मी अजून काहीच लावलेलं नाही, फक्त थंड पाण्याने अंघोळ घातली.

आणि कोडं हे आहे की एसपीएफ ५० चं सनस्क्रीन निघताना लावलं होतं. वारा तर असा सुटला होता की मुलं पाण्यातून बाहेर आली की कुडकुडत होती. मग इतकं भाजलं कसं? सुट्टी अजून बरीच उरली आहे, तिला घरात कोंडून तर ठेवता येणार नाही.

वेंगुर्ल्याची आजी

साय नको, तेल नको, लिंबू तर मुळीच नको गो बाय. आज फक्त पाणी. मऊ पंचा विहिरीच्या पाण्यात भिजवून खांद्यावर टाक, गरम झाला की परत भिजव. प्यायला मीठ घातलेली पेज दे, वर शहाळं. परसात कोरफड असेल तर तिचा गर. आमच्याकडे चंदन उगाळून लावायची पद्धत आहे, पण भाजलेल्या जागेवर वाळलं की ओढतं आणि काढताना पोर रडते. पाणीच बरं.

मुरूडची औषधवाली

आजींनी बरोबर सांगितलं आहे, तेच आधी करा. मी सविस्तर लिहिते, कारण माझं औषधाचं दुकान दापोलीजवळ मुरूडच्या रस्त्याला आहे आणि मे महिन्यात संध्याकाळी सातनंतर दुकानात येणाऱ्या पर्यटकांत लाल खांदे नसलेला माणूस विरळा. त्यात मी स्वतः तुमच्यासारखीच घारी, गोरी. त्यामुळे हे दुखणं काउंटरच्या दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

आधी आत्ताचं बोलू.

अंगावर समुद्राचं मीठ किंवा वाळू राहिली असेल तर ती गोड्या पाण्याने नीट जाऊ द्या. साबण भाजलेल्या जागी नको. मग गार पाण्याच्या घड्या, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून अनेक वेळा. गार म्हणजे विहिरीचं किंवा माठातलं. बर्फ थेट कातडीवर लावू नका, आधीच दुखावलेल्या कातडीला त्याने आणखी इजा होते. अंग टिपून घ्या, पुसू नका. आणि थोडं ओलसर असतानाच सुगंध नसलेलं साधं मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचा गर लावा. कॅलामाइन लोशननेही आग कमी होते.

कोरफड परसातली असेल तर एक गोष्ट सांभाळा. पात कापली की कापाशी सालीखालून पिवळट, कडू चीक येतो. तो कातडीला चुरचुरतो आणि काहींना त्याने खाज सुटते. पात कापल्यावर पेल्यात उभी करून ठेवा, चीक खाली उतरू द्या. मग धुवा, दोन्ही कडांचे काटे काढा, वरची साल सोलून आतला फक्त काचेसारखा पारदर्शक गर घ्या. तुमच्या मुलीच्या हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा, काही झालं नाही तर खांद्यावर लावा.

साय, लोणी, तूप, खोबरेल आज नकोच. ताज्या भाजण्यावर तेलाचा थर बसला की आतली उष्णता बाहेर पडायला अडथळा होतो. पिवळं मलम चुलीच्या चटक्यासाठी आणून ठेवलेलं असतं, इथे त्याचं काम नाही. लिंबाचं तर कारणच वेगळं. लिंबाच्या रसात असे पदार्थ असतात की ते कातडीवर असताना ऊन पडलं तर तिथे फोड येतात आणि नंतर महिनोन् महिने तपकिरी डाग राहतात. सरबत करताना हातावर ओघळलेल्या रसानेही हे होतं. तुमच्या वहिनींना सांगा, डाग जावा म्हणून लावायचं आणि डाग घेऊन बसायचं.

दुखत असेल तर पॅरासिटामॉलचं सिरप द्यायला हरकत नाही. मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते. बाटलीवरचं बघा किंवा डॉक्टरांना फोन करून विचारा. ॲस्पिरिन मुलांना देत नाहीत. आणि कोणी घरातली उरलेली स्टिरॉइडची ट्यूब पुढे केली तर घेऊ नका.

एक अंदाज देऊन ठेवते, म्हणजे घाबरायला होणार नाही. उन्हाने भाजल्याची लाली तीन ते पाच तासांनी दिसायला लागते आणि बारा ते चोवीस तासांत सगळ्यात वाईट दिसते. म्हणून दीडला काही नव्हतं आणि दिवेलागणीला सगळं दिसलं. आज दुपारपर्यंत आणखी लाल होईल, मग तीन दिवसांत हळूहळू उतरेल. त्यानंतर साल निघेल. ती ओढायची नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं: मोठ्या भागावर फोड आले, ताप चढला, हुडहुडी भरली, उलट्या, चक्कर, पोर मलूल झाली किंवा लघवी कमी झाली तर वाट बघू नका. फोड आला तर फोडू नका, त्याची साल हेच त्या जागेचं पांघरूण असतं. एक वर्षाच्या आतलं बाळ भाजलं असेल तर किती लाल आहे हे बघत बसायचंच नाही, सरळ दवाखाना.

एक विचारायचं राहिलं. घरात आणखी कोणी इतकं भाजलं आहे का? आणि कोणाला कसल्या गोळ्या चालू आहेत का?

ओसरीवरची

ताई, किती धीर आला म्हणून सांगू. कालपासून घड्या चालू आहेत. पोरगी आज पालथी पडून का होईना, पत्ते खेळते आहे.

तुम्ही विचारलंत ते बरं झालं. माझी भाची, वय १९, ती पण बरोबर होती. ती तर फार वेळ थांबलीच नाही, तासाभरात कंटाळून परत आली आणि तरी तिचे हात आणि चेहरा माझ्या मुलीपेक्षा जास्त भाजले आहेत. हाताच्या पाठीवर बारीक फोडही आहेत. ती आमच्यात त्यातल्या त्यात सावळी, म्हणून सगळ्यांना नवल वाटलं. तिला मुरमांसाठी गोळ्या चालू आहेत. पाकीट बघितलं, डॉक्सीसायक्लिन लिहिलं आहे.

मुरूडची औषधवाली

तेच कारण. डॉक्सीसायक्लिन घेणाऱ्याची कातडी उन्हाला हळवी होते. ज्या उन्हाचं एरवी काही वाटत नाही, तेवढ्याने भाजल्यासारखं होतं, क्वचित नखंही खालून सुटतात. रंग सावळा असला तरी सुटका नाही. तिने ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांना आजच फोन करावा, हाताचे फोटो पाठवावेत. गोळी थांबवायची की बदलायची ते ते ठरवतील. तोपर्यंत ती पुळणीवर दिवसा नको, वाडीत जायचं तरी पूर्ण बाह्या. मुरमांवर दुसरी एक कॅप्सूल देतात, आयसोट्रेटिनॉइन, आणि रात्री लावायची रेटिनॉइडची जेल असते, त्यांचंही असंच. रक्तदाबाच्या काही गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, तेही या यादीत. तुमच्या आईकाकांची पाकिटं एकदा बघून घ्या.

हे मी जरा जोर देऊन लिहिते, कारण कोकणात डॉक्सीसायक्लिन मुरमांपुरती नाही. भातलावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून सिंधुदुर्गात शेतात उतरणाऱ्यांना हीच गोळी देतात. ती घ्यायलाच हवी, लेप्टोने माणूस दगावतो. पण गोळी घेतली आहे आणि पाऊस उघडून कडक ऊन पडलं आहे, अशा दिवशी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोकीला काहीतरी हवंच. गोळी देताना हे कोणी सांगत नाही.

आता तुमचं कोडं. वारा होता, मुलं कुडकुडत होती, तरी भाजलं कसं? भाजतात ते अतिनील किरण. ते दिसत नाहीत आणि त्यांची ऊब लागत नाही. ऊब लागते ती उन्हाच्या दुसऱ्या भागाची, आणि ती वाऱ्याने आणि पाण्याने निघून जाते. म्हणजे चटका बसतोय हे सांगणारी एकमेव खूण जाते आणि भाजणं मात्र चालूच राहतं. त्यात पाणी या किरणांना फारसं अडवत नाही, अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागाच्या साधारण ४० टक्के पोचतात. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के परत फेकते, लाटेचा फेस २५. म्हणून छत्रीखाली बसलेल्यांच्याही हनुवटीखाली आणि कानामागे लाल होतं. पातळ ढगांतून ९० टक्क्यांहून जास्त पार येतात, तेव्हा मळभ आहे म्हणून जाऊ दे, असंही करू नका.

आणि महिना कोणता? १० मेच्या सुमारास गुहागरला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली काठीच्या बुडाशी जाते. मुंबईत हे त्यानंतर चार-पाच दिवसांनी. तीही वेळ घड्याळातल्या बाराची नाही. आपण देशाच्या पश्चिम टोकाला असल्यामुळे आपला खरा मध्यान्ह साडेबाराच्या पुढे-मागे होतो. तुमची मुलं दहा ते दीड पाण्यात होती. त्याहून फारसे कडक साडेतीन तास वर्षभरात शोधून सापडणार नाहीत.

सनस्क्रीनने काय केलं? एसपीएफ ३० भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० वालं ९८. म्हणजे ५० घेतलं की काळजी मिटली असं नाही, फरक थोडासाच आहे. हे आकडेही जाड थर लावून तपासलेले असतात, दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिली लागतं. चेहरा आणि मान यांना तर्जनी आणि मधलं बोट यांच्या लांबीच्या दोन रेघा. ५० मिलीची ट्यूब चौघांना आठवडाभर पुरली, असं गिऱ्हाईक आनंदाने सांगतं तेव्हा मला कळतं की ते लावलं गेलंच नाही. शिवाय दोन तासांनी परत लावावं लागतं, आणि पाण्यातून निघून टॉवेलने पुसलं की लगेच. निघायच्या आधी वीस मिनिटं तरी लावून ठेवा. मुलांना झिंक ऑक्साइडचं द्या, ते कमी चुरचुरतं. चेहरा पांढरा दिसतो, दिसू दे. वेष्टणावर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' किंवा पीए पुढे तीन-चार अधिकची चिन्हं आहेत का बघा, आणि ट्यूब गाडीच्या डॅशबोर्डवर उकळत ठेवू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रीम नको, सावली आणि कपडा.

पण माझं खरं म्हणणं पुढेच आहे. क्रीम ही तिसरी गोष्ट. पहिली वेळ, दुसरी कापड.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन गावाच्या बाजूने, डोंगरामागून येतं, त्यामुळे सुरूची आणि माडांची सावली पुळणीवर समुद्राच्या दिशेने पडलेली असते. तुम्हाला घराच्या मागे हे फुकट मिळालं आहे. मेमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं. मुलांना चहा-दूध देऊन साडेसहाला पिटाळा, न्याहारीला नऊच्या आत परत. मग जेवण, झोप, आंबे, पत्ते, काय ते घरात. परत चार वाजून गेल्यावर, ते सूर्य बुडेपर्यंत, सातपर्यंत मोकळीक आहे. घड्याळ नसेल तर मुलांना सावली शिकवा: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की घरी यायचं. गुहागरला मेमध्ये हे सकाळी साडेनऊच्या आतच होतं आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास सावली परत लांब व्हायला लागते. नऊ वर्षांच्या मुलीला हे क्रीमपेक्षा चांगलं कळतं, आणि तिला मजाही वाटते.

देवबागचो तांडेल

ताईंनी कापडाचं लिहायचं ठेवलं, ते मी लिहितो, कारण माझा रोजचा संबंध आहे. मी पर्यटकांना स्नॉर्केलिंगला घेऊन जातो.

पाण्यात तोंड खाली घालून माणूस तरंगतो तेव्हा त्याची पाठ पूर्ण वेळ उन्हात असते आणि त्याला पत्ता नसतो. सगळ्यात जास्त कुठे भाजतं ते सांगतो: गुडघ्यांच्या मागे, टी-शर्ट वर सरकून उघडी पडलेली कमरेची पट्टी, मानेचा मागचा भाग आणि बायकांच्या केसांचा भांग. भांगाचं कोणाच्या लक्षातच येत नाही. आणि पायाची पावलं, होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ताडपत्रीची सावली नसते आणि सगळ्यांना फोटोसाठी तिथेच बसायचं असतं.

पांढरा पातळ सुती टी-शर्ट घालून पाण्यात उतरू नका. कोरडा असतानाच त्यातून बरंच ऊन आत येतं, ओला झाला की आणखी. पोहायचे पूर्ण बाह्यांचे घट्ट विणीचे शर्ट मिळतात, रॅश गार्ड म्हणतात, गडद रंगाचे घ्या. मुलांसाठी मान झाकणारा आणि पाय गुडघ्याखालपर्यंत असलेला घ्या. तो नसेल तर गडद रंगाचा जाड टी-शर्ट आणि लेगिंग. आमचे रापणीवरचे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे लोक बघा. भर मेमध्ये रापण ओढताना लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल. उघड्या अंगाने उन्हात उभा असतो तो पर्यटक.

मास्क लावणार असाल तर कपाळाला पातळ क्रीम लावू नका. ओघळून डोळ्यात जातं आणि पाण्यात डोळे चोळायला मिळत नाहीत. झिंकची घट्ट कांडी मिळते, ती नाक, गाल आणि कानांना.

एक विनंती. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे आणि इथे प्रवाळ आहे. काही सनस्क्रीनमधली ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं प्रवाळाला अपायकारक आहेत म्हणून हवाई राज्याने २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तशी बंदी नाही, पण अंगभर शर्ट घातला की क्रीम लागतंच किती? तोंडाला आणि पंजांना. तेवढं झिंकचं लावा.

राजापूरकर

सगळं वाचलं. चूक काही नाही, पण एवढा बाऊ करायची खरंच गरज आहे का? आमचे आजोबा गोरेपान होते, जन्मभर आंब्याच्या कलमांत आणि शेतात राबले, ट्यूब कधी बघितली नाही आणि नव्वदीपर्यंत जगले. आम्हीही लहानपणी दुपारभर समुद्रावर असायचो. दोन दिवस साल निघायची, चौथ्या दिवशी परत पाण्यात. हळूहळू कातडी रापते आणि सवय होते.

मुरूडची औषधवाली

तुमच्या आजोबांचं उदाहरण मला मान्यच आहे, फक्त ते माझ्या बाजूचं आहे. ते कलमांत किती वाजता जायचे? उजाडताना. अकराला घरी, जेवून माजघरात आडवे, उन्हं कलली की परत. अंगात बंडी किंवा सदरा, डोक्याला पंचा. आणि काम कलमांच्या सावलीत. वेळ, कापड, सावली, तिन्ही सांभाळलेलं. ट्यूब लागलीच नाही ती म्हणून. शहरातलं पोर अकरा महिने छपराखाली राहतं आणि बाराव्या महिन्यात भर दुपारी उघड्या अंगाने पाण्यात उतरतं. दोघांची तुलना होत नाही.

सवयीचं म्हणाल तर शेजारच्या मुलांना काही झालं नाही त्यात सवय थोडी आहे आणि रंगाचा वाटा मोठा आहे. कातडीतल्या मेलॅनिनवर, म्हणजे रंगद्रव्यावर, ते अवलंबून असतं. फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ मध्ये यासाठी पायऱ्या मांडल्या: पहिल्या पायरीची कातडी कायम भाजते, रापतच नाही, आणि वरच्या पायऱ्यांवर भाजणं कमी-कमी होत जातं. आपल्याकडचे बरेच लोक चौथ्या-पाचव्या पायरीवर. घारेगोरे तिसऱ्या, काही दुसऱ्याच्या जवळ. ती पायरी सवयीने बदलत नाही. रापलेल्या कातडीने संरक्षण मिळतं ते अगदी थोडं, आणि रापणं हीच मुळात इजेवरची प्रतिक्रिया आहे.

आणि जे राहतं ते उशिरा दिसतं. माझ्या दुकानात येणाऱ्या वयस्कर गोऱ्या मंडळींचे कान आणि कपाळाच्या कडा बघते तेव्हा कित्येकांच्या कातडीवर खरखरीत, खपली धरलेले चट्टे दिसतात. बोट फिरवलं तर सॅंडपेपर. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, काही नसतात. आपल्याकडे त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या देशांइतका होत नाही हे खरं, पण लहानपणीचं फोड येईपर्यंतचं भाजणं पुढच्या धोक्यात भर घालतं हेही तितकंच खरं. असा चट्टा, किंवा न भरणारी जखम, किंवा आकार बदलणारा तीळ असेल तर मी मलम देत नाही, त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवते. राजापूरकर, तुमच्याही कानाच्या पाळ्या एकदा घरच्यांना बघायला सांगा. मनापासून सांगते आहे.

राजापूरकर

आजोबांची दुपारची झोप विसरलो होतो, ते खरं आहे. बंडीही खरी. कानाचं बघतो.

ओसरीवरची

कळवायचं राहिलं होतं. लेकीची लाली उतरली, खांद्यावर आता साल सुटायला लागली आहे आणि खाज आहे. भाचीच्या डॉक्टरांनी गोळी बंद करून दुसरी दिली, फोड स्वच्छ ठेवायला सांगितलंय. त्या म्हणाल्या, उन्हाचं विचारलं असतं तर सांगितलं असतं.

सकाळी साडेसहाचा बेत जमला! पुळण अर्धी सावलीत असते हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. मुलं सावलीच्या कडेने चालतात आणि सावली मोजतात.

दोन शेवटचे प्रश्न. साल निघते आहे तिथे आता कोकमतेल लावलं तर चालेल का? आईने घरचं काढलेलं आहे. आणि काल लेकीच्या ओठाच्या कोपऱ्यात आणि हनुवटीवर काळपट खपल्या दिसल्या. हेही उन्हाचंच का?

मुरूडची औषधवाली

कोकमतेल आता चालेल. आग संपली आहे, फोड नाहीत, कातडी कोरडी पडली आहे, तेव्हा त्याचा उपयोग आहे. ते घट्ट असतं, म्हणून तळहातावर चोळून पातळ करा आणि अंघोळीनंतर लगेच हलक्या हाताने लावा. खरवडून काढलेला गोळा तसाच खांद्यावर घासू नका, नवी कातडी सोलवटेल. त्याने ऊन मात्र अडत नाही, तेव्हा कोकमतेल लावून बाहेर सोडू नका. साल निघालेली जागा महिनाभर तरी लवकर भाजेल आणि तिथे डागही लवकर धरेल. खांदे झाकलेले ठेवा, फार खाज असेल तर थंड पाण्याची घडी.

ओठाच्या कोपऱ्यातलं ऊन नाही, आंबा आहे. ऊन कपड्याच्या रेघेशी थांबतं आणि सगळीकडे सारखं लागतं. ओठाच्या कडेला आणि हनुवटीवर, जिथे रस ओघळतो तिथेच ठिपके असतील तर तो देठाचा चीक. मेमध्ये मुलांची तोंडं त्यानेच उठतात. आंबा देठाकडून कापून, चीक गळू देऊन, चांगला धुऊन मग हातात द्या. खपल्या ओढू देऊ नका, साधं व्हॅसलीन लावा. पसरत गेल्या किंवा पू दिसला तर दाखवून घ्या.

आणि भाचीची गोळी बंद झाली तरी तिला अजून काही दिवस बाह्या घालू द्या. हाताच्या पाठीवरचे फोड बरे झाल्यावर तिथे तपकिरी छटा राहील, ती काही महिन्यांत हळूहळू फिकी होते. त्यावर गोरं करणारी कुठलीही क्रीम घेऊ नका. अशा कित्येक मिश्रणांत स्टिरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते आणि उन्हाला आणखी हळवी होते. कोणी दुकानदार देत असेल तर वेष्टणावरची नावं मला इथे लिहून पाठवा, मी बघून सांगते.